'मानो' म्हणजे हात, पण कुठून कुठपर्यंत? स्पॅनिशमधला एक शब्द मुळापासून शिकताना

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात वहीत 'मानो = हात' अशी ओळ पडते आणि आपण पुढे सरकतो. पुढे महिनाभराने कुणीतरी 'से मे फुए ला मानो' म्हणतं. 'माझा हात गेला' असा अर्थ लावून आपण घाबरतो, आणि समोरचा फक्त आमटीत मीठ जास्त पडल्याचं सांगत असतो.

या एका शब्दाभोवती स्पॅनिशमध्ये शेकडो वाक्प्रचार आहेत. मराठी माणसाला ते बरेच सोपे जातात, पण एका अटीवर: इंग्रजी मध्ये आणायची नाही. आपल्याकडची बहुतेक स्पॅनिशची पुस्तकं आणि ॲप इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे हातातलं सोडून लांबचा वळसा होतो. 'हात' या शब्दाची मराठीतली श्रीमंती स्पॅनिशच्या जवळ जाणारी आहे. जिथे ती जवळ जाते तिथे पाठांतर लागतच नाही. सगळी मेहनत राखून ठेवायची ती चित्र सारखं असून अर्थ उलटा असलेल्या जागांसाठी.

इथे उच्चार देवनागरीत दिले आहेत, आणि ते लॅटिन अमेरिकेच्या वळणाचे आहेत. 'ख' दिसला की तो घशातून खरखरत काढायचा. स्पॅनिशमध्ये 'व' लिहितात तिथेही 'ब' उच्चारतात, म्हणून 'लाबार' (धुणे) असं लिहिलं आहे. स्पेनमधले बहुतेक लोक 'इस्किएर्दा' (डावा) हा शब्द 'इथ्किएर्दा' असा जीभ दातांत धरून म्हणतात. 'मानो' म्हणताना जोर 'मा'वर आणि 'नो' तोकडा. इंग्रजी वळणाचं 'मॅनोउ' टाळा. आपले आ आणि ओ स्पॅनिशला जसेच्या तसे चालतात.

पायरी १ : हद्द ठरवा

मराठी हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत असतो. स्पॅनिश मानो मनगटापाशी संपतो. मनगटाच्या वर सगळा ब्रासो. म्हणजे 'मानो' हा खरं तर आपला पंजा. मनगटाला 'मुन्येका' म्हणतात, आणि बाहुलीलाही 'मुन्येका'च.

याचा फटका दवाखान्यात बसतो. पडून कोपराजवळ हाड मोडलं आणि तुम्ही 'मानो' म्हणालात तर डॉक्टर पंजा तपासायला घेतील. 'हात मोडला' याचं भाषांतर बहुतेक वेळा 'मे रोम्पी एल ब्रासो' असंच करावं लागतं. आपण हाताची घडी घालतो, तिथेही त्यांचे ब्रासोस एकमेकांवर येतात: 'दे ब्रासोस क्रुसादोस'. कापड मोजायचा जुना 'हात', कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा, त्याला स्पॅनिशमध्ये 'कोदो' म्हणजे चक्क कोपर म्हणतात.

सवय लावण्यासाठी सोपी युक्ती: मराठी वाक्यात 'हात' आला की त्या जागी 'पंजा' किंवा 'मूठ' घालून बघा. अर्थ टिकला तर मानो, नाही टिकला तर ब्रासो. शब्दशः अर्थाला ही कसोटी बहुतेक वेळा पुरते. लाक्षणिक अर्थाला ती लागू नाही.

पायाचंही तसंच आहे. घोट्याखाली 'पिए', वर 'पिएर्ना'. एकदा हाताची हद्द पक्की केली की ही आपोआप बसते.

पायरी २ : ती मानो

स्पॅनिशमध्ये शेवटी ओ असलेली नामं साधारण पुल्लिंगी असतात. मानो स्त्रीलिंगी आहे. कारण लॅटिनमधला मूळ शब्द 'मानुस' स्त्रीलिंगी होता आणि शेवट बदलला तरी लिंग टिकून राहिलं. मराठीत 'तो हात', म्हणून मराठी माणसाची चूक दुहेरी पक्की होते: शेवटचा ओ आणि मातृभाषा दोन्ही एकाच दिशेने ओढतात.

उपाय एकच. 'मानो' हा शब्द एकटा कधीच म्हणायचा नाही, 'ला मानो' असाच. अनेकवचन 'लास मानोस'. विशेषणही सोबत स्त्रीलिंगी घ्यायचं: 'लास मानोस लिम्पिआस' (स्वच्छ हात), 'ला मानो देरेचा' (उजवा हात). विशेषण लावून दहा जोड्या मोठ्याने म्हटल्या की कान तयार होतो. 'फोतो', 'मोतो', 'रादिओ' हेही ओकारान्त असून स्त्रीलिंगी आहेत, पण ते मोठ्या शब्दांची तोडलेली रूपं आहेत. मानोची गोष्ट वेगळी, तो वारशाने स्त्रीलिंगी आहे.

लहान रूपात एक गंमत आहे. इवल्याशा हाताला स्पेन आणि मेक्सिकोत 'ला मानिता' म्हणतात, बाकी लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'ला मानितो'. दोन्ही बरोबर, दोन्ही स्त्रीलिंगी. मेक्सिकोत मात्र रस्त्यावर कुणी 'के ओंदा, मानो?' म्हणालं तर तिथे हाताचा काही संबंध नाही. तो 'एर्मानो' म्हणजे भाऊ या शब्दाचा तुकडा आहे, आपल्या 'काय भावा'सारखा.

गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज होती त्यांना हे लिंग नवं वाटणार नाही. पोर्तुगीजमध्ये हाताला 'मांव' म्हणतात, साधारण तसाच उच्चार, आणि तोही स्त्रीलिंगी. कोकणीत मांव म्हणजे सासरा, तेव्हा तिथे वेगळाच घोटाळा.

पायरी ३ : 'माझे' गाळा

मराठीत आपण 'मी हात धुतले' म्हणतो. 'मी माझे हात धुतले' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, मग काय माझे धुणार होतास? स्पॅनिशचं अगदी हेच म्हणणं आहे. 'मे लाबो लास मानोस', शब्दशः 'मी स्वतःला हात धुतो'. 'लाबो मिस मानोस' हे इंग्रजीच्या वाटेने आलेलं वाक्य. समजतं, पण खटकतं.

दुखण्याचंही तसंच. 'मे दुएले ला मानो': 'मे' म्हणजे मला, 'दुएले' म्हणजे दुखतो, कर्ता हात. दोन्ही हात दुखत असतील तर क्रियापद बदलतं: 'मे दुएलेन लास मानोस'. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' ही वाक्यरचना ज्याच्या तोंडात आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणारे इथे आठवडे घालवतात. आपण निव्वळ इंग्रजी पुस्तकामुळे त्यांच्यासोबत अडकतो.

पायरी ४ : सख्खे, तोतये आणि परके

वही उघडा आणि तीन कप्पे पाडा.

सख्खे म्हणजे ज्यांचं चित्रही मराठीसारखं आणि अर्थही. यातला सर्वांत कामाचा पत्ता सांगताना येतो. 'ला फार्मासिआ एस्ता आ मानो देरेचा': औषधाचं दुकान उजव्या हाताला आहे. डाव्या हाताला असेल तर 'आ मानो इस्किएर्दा'. भिंत रंगवताना आपण रंगाचे दोन हात देतो, तेही देतात: 'दोस मानोस दे पिन्तुरा'. मुंबईचा रंगारी आणि माद्रिदचा रंगारी एकाच मापाने बोलतात, हे एकदा लक्षात आलं की विसरणं अवघड. काही न करता बसलेला माणूस 'मानो सोब्रे मानो' असतो, म्हणजे हातावर हात धरून. भांडण हातघाईवर आलं की 'येगारोन आ लास मानोस'. रिकाम्या हाताने परतणं 'कोन लास मानोस बासिआस'. साहेबाचा उजवा हात तो 'सु मानो देरेचा', आणि बाई असली किंवा पुरुष, शब्द स्त्रीलिंगीच. 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' याला 'मास बाले पाखारो एन मानो के सिएन्तो बोलान्दो': उडत्या शंभरांपेक्षा हातातला एक पक्षी बरा. चांगलं शिजवणारीच्या हाताला आपल्याकडे चव असते, तिकडे तिला चांगला हात असतो: 'तिएने बुएना मानो पारा ला कोसिना'. झाडं जगवणाऱ्यालाही हेच लावतात.

हे सगळे एका बैठकीत होतात. त्यांच्यावर दुसरा दिवस घालवू नका.

तोतये हा खरा धोक्याचा कप्पा. चित्र ओळखीचं असतं, म्हणून आपण अर्थ तपासायला थांबतच नाही.

पहिला तोतया: 'फ्रोतार्से लास मानोस', हात चोळणे. मराठीत संधी गेल्यावर माणूस हात चोळत बसतो. स्पॅनिशमध्ये फायदा दिसल्यावर, तोंडाला पाणी सुटल्यावर हात चोळतात. बातमीत 'घाऊक व्यापारी हात चोळत आहेत' असं स्पॅनिशमध्ये वाचलं तर त्यांची कीव करू नका, त्यांची चांदी होणार आहे.

दुसरा: 'लाबार्से लास मानोस', हात धुणे. येशूला शिक्षा देताना रोमन सुभेदार पिलाताने सर्वांसमोर हात धुतले, त्या बायबलमधल्या प्रसंगावरून हा अर्थ आला: जबाबदारी झटकणे. 'यो मे लाबो लास मानोस' म्हणजे 'माझा याच्याशी संबंध नाही'. आपलं 'हात धुऊन घेणे' नेमकं उलटं, संधी साधून लाभ उठवणे, आणि 'हात धुऊन मागे लागणे' तर तिसरंच. 'वाहत्या गंगेत हात धुणे' स्पॅनिशमध्ये सांगायचं असेल तर त्यांच्याकडेही नदी आहे, हात नाही: 'आ रिओ रेबुएल्तो, गानान्सिआ दे पेस्कादोरेस', म्हणजे नदी ढवळली की कोळ्यांचा फायदा.

तिसरा: डावा हात. 'डाव्या हातचा मळ' म्हणजे अगदी सोपं काम, म्हणून 'तेनेर मानो इस्किएर्दा' ऐकल्यावर वाटतं की याला हे सहज जमतं. अर्थ आहे: माणसं हाताळण्याची हातोटी, तुटू न देता वाकवण्याचं कसब. रागावलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणाऱ्याला डावा हात असतो.

चौथा: 'बाखो मानो', हाताखाली. मराठीत हाताखाली माणसं काम करतात. स्पॅनिशमध्ये 'बाखो मानो' म्हणजे गुपचूप, आतल्या आत, बहुधा काहीतरी गैर. 'माझ्या हाताखाली चार जण आहेत' हे वाक्य शब्दशः नेलं तर तुम्ही चार जण चोरून ठेवले आहेत असा भास होईल. तिथे 'तेंगो कुआत्रो पेर्सोनास आ मि कार्गो' म्हणा.

पाचवा पत्त्यांतला. आपण 'सात हात झाले' म्हणतो तो 'हात' म्हणजे जिंकलेली एक उतारी. स्पॅनिशमध्ये त्या उतारीला 'बासा' म्हणतात. 'उना मानो' म्हणजे वाटप झाल्यापासून डाव संपेपर्यंतचा पूर्ण डाव. आणि 'सोय मानो' कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ, पहिलं पान मी टाकणार.

परक्या कप्प्यातले वाक्प्रचार मात्र पाठच करावे लागतात, पण प्रत्येकाच्या मागे एक चित्र असतं. 'कोन लास मानोस एन ला मासा': चोर पकडला तो पिठाच्या गोळ्यात हात असताना, आपल्याकडे रंगेहाथ. 'मानोस आ ला ओब्रा': चला, कामाला लागू. 'पोनेर ला मानो एन एल फुएगो पोर' कुणासाठी तरी आगीत हात घालणे, म्हणजे त्याच्या खरेपणाची हमी देणे. याचं मूळ जुन्या युरोपातल्या 'दिव्या'त, म्हणजे खरंखोटं ठरवायच्या अग्निपरीक्षेत आहे. मराठेशाहीतल्या निवाड्यांतही उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचं 'रवा दिव्य' होतं, तेव्हा चित्र आपल्याला परकं नाही, फक्त वाक्प्रचार नाही. बहुतेक वेळा तो नकारात येतो: 'यो नो पोंगो ला मानो एन एल फुएगो पोर एल', त्याची हमी मी देणार नाही. 'दास ला मानो इ ते तोमान एल ब्रासो' हा मात्र 'बोट दिलं की मनगट धरतो' याचा चुलतभाऊ, फक्त माप थोडं वर सरकलं आहे. 'मानो दुरा' म्हणजे कठोर हात, बहुतेक राजकारणात. एल साल्वादोर सरकारने 2003 साली टोळ्यांविरुद्ध जी मोहीम काढली तिचं नावच 'प्लान मानो दुरा' होतं, आणि पुढच्या वर्षी नव्या सरकारने तिला 'सुपेर' जोडलं.

फुटबॉल बघणाऱ्यांना एक मानो आधीच ठाऊक असतो. 22 जून 1986, मेक्सिको सिटीचं आस्तेका मैदान, उपांत्यपूर्व सामना, इंग्लंडविरुद्ध माराडोनाचा हाताने झालेला गोल: 'ला मानो दे दिओस', देवाचा हात. मैदानात नुसतं 'मानो!' ओरडले तर अर्थ, चेंडूला हात लागला, पंचांनी शिट्टी मारावी.

पायरी ५ : एक वाक्य उलगडून

सुरुवातीचं मिठाचं वाक्य पूर्ण घेऊ: 'से मे फुए ला मानो कोन ला साल'.

'फुए' म्हणजे गेला, आणि गेला कोण? 'ला मानो', हात. वाक्याचा कर्ता हात आहे, 'मी' नाही. 'मे' म्हणजे मला, माझ्या बाबतीत. 'से' सांगतो की हे आपसूक घडलं, कुणी मुद्दाम केलं नाही. 'कोन ला साल', मिठाच्या बाबतीत. मराठीत 'मिठाला माझा हात जरा सैल सुटला'. दोन्हीकडे दोष हातावर टाकून माणूस मोकळा.

आता माणूस बदला. 'से ते फुए ला मानो', तुझा हात सुटला. 'से ले फुए', त्याचा किंवा तिचा. 'से नोस फुए', आमचा, आणि इथे लक्ष द्या: माणसं अनेक, तरी हात एकवचनी, म्हणून 'फुए' तसंच. मराठी माणूस इथे 'फुइमोस' करून बसतो, कारण मनात 'आम्ही' असतं.

हाच अर्थ मारण्यालाही जातो. 'से ले फुए ला मानो' म्हणजे रागाच्या भरात त्याने जरा जास्तच मारलं. मराठीतही 'हात सुटला' हे दोन्हीकडे चालतं.

याला खेटून दुसरी रचना आहे, आणि बरेच लोक दोन्हींची गल्लत करतात: 'से मे फुए दे लास मानोस'. एक 'दे' वाढला, हात अनेकवचनी झाले, आणि कर्ता बदलला. आता हात गेला नाही, गोष्ट हातांतून गेली. 'ला सितुआसिओन से नोस फुए दे लास मानोस': परिस्थिती आमच्या हाताबाहेर गेली. पहिल्यात माझ्या हाताने अति केलं, दुसऱ्यात माझ्या हातात काही उरलं नाही.

याच साच्यात 'माझ्या हातून कप फुटला' हेही बसतं, पण तिथे स्पॅनिशला हाताची गरज वाटत नाही: 'से मे रोम्पिओ ला तासा'. आपला 'हातून' त्यांच्या 'से मे'मध्ये विरघळतो.

पायरी ६ : छोटे शब्द सांभाळा

मानोच्या आजूबाजूचे 'ला', 'उना', 'आ', 'दे' हेच अर्थ फिरवतात. 'दार ला मानो' म्हणजे हस्तांदोलन करणे किंवा हात देणे. 'दार उना मानो' म्हणजे मदत करणे, विशेषतः लॅटिन अमेरिकेत. स्पेनमध्ये 'मे एचास उना मानो?' जास्त ऐकू येतं. आणि मागे 'दे पिन्तुरा' लागलं की मदत जाऊन रंग येतो.

'आ मानो' एकटं तीन कामं करतं. 'एचो आ मानो', हाताने बनवलेलं. 'लो तेंगो आ मानो', ते माझ्या हाताशी आहे. 'एस्तामोस आ मानो', आपला हिशेब फिटला. हे मुख्यतः लॅटिन अमेरिकेतलं. 'एन मानोस दे' म्हणजे कुणाच्या हाती, 'आ मानोस दे' म्हणजे कुणाच्या हातून, आणि हे दुसरं मृत्यूच्या किंवा पराभवाच्या बातमीत येतं. सौदा पूर्ण झाल्याचं सांगताना 'आ मानोस दे' वापरलंत तर ऐकणारा दचकेल.

सर्वांत जपून वापरायचं ते 'मेतेर मानो'. मराठीत 'कामात हात घातला' हे साधं वाक्य आहे. स्पॅनिशमध्येही एखाद्या प्रश्नाला 'मेतेर मानो' करता येतं, पण माणसाच्या बाबतीत वापरलं की त्याचा अर्थ वाईट हेतूने अंगाला हात लावणे. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, 'एम्पेसार' (सुरू करणे) पुरेसं आहे.

स्पेनमध्ये 'उन मानितास' म्हणजे घरातलं काहीही दुरुस्त करणारा हुन्नरी माणूस, आणि हाताला लागेल ते मोडणारा 'उन मानासास'. शब्द अनेकवचनी दिसतो, माणूस एकच, म्हणून 'उन'. 'आसेर मानितास' मात्र दुरुस्ती नव्हे, ते प्रेमिकांचं हातात हात घेऊन बसणं.

पायरी ७ : स्वयंपाकघर, बाजार, कागद

शब्दसूचींत न सापडणारा, पण मराठी घराला सर्वांत जवळचा भाग हा. मेक्सिकोत मका आणि मसाले वाटायचा दगडी पाटा म्हणजे 'मेताते', आणि त्यावर फिरवायच्या दगडाला 'ला मानो' म्हणतात. म्हणजे मानो चक्क वरवंटा. खलबत्त्यातला बत्ताही 'मानो': 'ला मानो देल मोर्तेरो'. वाटण्याचं काम हाताने होतं, म्हणून दगडालाच हाताचं नाव.

बाजारात केळ्यांची फणी मागायची तर लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'उना मानो दे प्लातानोस'. आपल्याला फणी दिसली, त्यांना बोटं जोडलेला पंजा. पूर्ण घड म्हणजे 'रासिमो'. खाटकाकडे 'मानोस दे सेर्दो' ही डुकराच्या पुढच्या पायांची पाटी असते. चार पायांच्या प्राण्याचे पुढचे दोन पाय त्यांच्या लेखी हातच, घोड्याचेसुद्धा.

कागदाच्या मापात तर आपण आणि ते नकळत भेटतो. 500 कागदांची एक 'रेस्मा', तिचा विसावा भाग म्हणजे 25 कागदांची एक 'मानो'. आपल्याकडे कागदाचा दस्ता असतो, 24 कागदांचा, आणि दस्ता हा शब्द फारसी 'दस्त' म्हणजे हात यावरून आलेला.

उलट बाजूने काही मराठी हात तिकडे लुप्त होतात. बेरजेतला 'हातचा एक' स्पॅनिशमध्ये 'मे येबो उना', 'एक मी सोबत नेतो'. घड्याळाच्या काट्यांना मात्र 'मानेसियास', चिमुकले हात.

पायरी ८ : शब्दकोश आणि वही

स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. ही अकादमी 1713 ची, आणि शब्दकोशाची तेविसावी आवृत्ती 2014 ची. वाक्प्रचार शोधताना तो क्रियापदाखाली शोधू नका. त्यात नाम असेल तर तो नामाखाली मिळतो, म्हणून वरचे जवळजवळ सगळे 'मानो'च्या नोंदीत आहेत. नोंद प्रचंड लांब आहे, आधी क्रमांक दिलेले अर्थ, मग 'मानो देरेचा'सारख्या जोड्या, शेवटी वर्णक्रमाने वाक्प्रचार. प्रत्येकापुढची खूण वाचा: बोलीतला आहे का, कुठल्या देशातला आहे. खूण न वाचता घेतलेला वाक्प्रचार चुकीच्या देशात किंवा चुकीच्या बैठकीत बाहेर पडतो.

वहीत एका वाक्प्रचाराला चार रकाने द्या: मूळ रूप, शब्दशः मराठी, खरं मराठी, आणि स्वतः केलेलं एक वाक्य. शब्दशः मराठीचा रकाना गाळण्याचा मोह होतो, पण तोतये तिथेच पकडले जातात: दुसरा आणि तिसरा रकाना दोन्ही अस्सल मराठी वाक्प्रचार असतील आणि अर्थ जुळत नसेल, तर लाल पेनाने खूण. दिवसाला पाचपेक्षा जास्त घेऊ नका. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी, आणि उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. खरं मराठी बघून स्पॅनिश लिहायचं, उलटं नाही.

सगळं झालं की ही पाच वाक्यं न बघता स्पॅनिशमध्ये करून पाहा: भिंतीला अजून एक हात द्यायला हवा. पडून माझा हात मोडला. संधी गेल्यावर तो हात चोळत बसला. तिने पैशाला हात लावला नाही. प्रकरण आमच्या हाताबाहेर गेलं.

पहिल्यात मानो येतो: 'ला पारेद नेसेसिता ओत्रा मानो दे पिन्तुरा'. दुसऱ्यात ब्रासो. तिसऱ्यात मानो आणलात तर अर्थ उलटेल, 'से केदो लामेन्तान्दोसे' म्हणा. चौथ्यात हात लागतच नाही, नुसतं 'नो तोको एल दिनेरो'. पाचव्यात हात अनेकवचनी आणि आधी 'दे': 'एल असुन्तो से नोस फुए दे लास मानोस'.